पोहणाऱ्याची साक्ष

मराठीतली समुद्रावरची सर्वांत अधिक गाइली गेलेली कविता इंग्लिश खाडीच्या काठावर रचली गेली. सावरकरांची 'सागरास' ही १९०९ सालची, ब्रायटनची, हे शाळेपासून आपल्या कानांवर असते. पण ब्रायटनसमोरचे पाणी म्हणजे तीच खाडी, जी पोहून ओलांडण्यासाठी जगभरचे हौशी लोक दर उन्हाळ्यात तिथून पूर्वेला, डोव्हरच्या किनाऱ्यावर, भरती-ओहोटीचे कोष्टक हातात घेऊन बसलेले असतात, ही जोडणी सहसा कोणी करून देत नाही. करून देण्याचे कारणही नाही म्हणा. काठावर उभा राहून मायदेशाकडे पाहणारा कवी आणि अंगाला चरबी फासून पाण्यात उतरणारा एखादा कारकून किंवा शाळामास्तर, यांच्यात पाण्याखेरीज समान ते काय?

आमच्या मते जे समान नाही तेच पाहण्यासारखे आहे. 'सागरास'मध्ये समुद्राला हाक मारलेली आहे. त्याच्याशी भांडण आहे, त्याच्यावर वचनभंगाचा आरोप आहे. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'तले (१९४२) 'कोलंबसाचे गर्वगीत' घ्या. तिथेही समुद्र येतो तो संबोधनातच. फरक एवढाच की बोलणारा काठावर नसून जहाजावर आहे. मराठी कवितेतला समुद्र बहुधा असा समोर असतो, द्वितीय पुरुषात. आता समोर असण्यासाठी अंतर लागते आणि बोलण्यासाठी तोंड मोकळे लागते. पोहणाऱ्यापाशी ही दोन्ही नसतात. त्याचे तोंड पाण्यात असते, वर येते ते हवेचा एक घास घेण्यापुरते. समुद्राला 'तू' म्हणण्याइतकी जागाच त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये उरत नाही. मग तो तिथे तासन्‌तास करतो काय, आणि त्याला त्यात मिळते काय, हा प्रश्न निदान साहित्याच्या अभ्यासकांनी विचारण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते.

याच कवीने पुढच्या वर्षी, ८ जुलै १९१० रोजी, मार्सेच्या बंदरात बोटीवरून उडी घेतली. बंदरातले ते पोहणे थोडक्या अंतराचे होते. कथनाकथनांतून ते अंतर वाढत गेले, आणि त्याविषयी फार कुरकुर करू नये. सुटकेसाठी पोहणाऱ्याचे अंतर मैलांत मोजत नाहीत. आम्ही बोलणार आहोत ते अगदी उलट टोकाच्या पोहण्याविषयी. ज्याच्या मागे शिपाई नाहीत, पुढे स्वातंत्र्य नाही, आणि जे केले नसते तर जगात कोणाचेही काही अडले नसते, अशा.

आमची पात्रता सांगून टाकतो. आम्ही पोहायला शिकलो ते देशावरच्या एका विहिरीत, पाठीला सुकलेला भोपळा बांधून. त्या शिक्षणात शैली नव्हती; वरून कोणीतरी ढकलायचे आणि खालून आपले आपण वर यायचे. मुटका मारता येणे ही तिथली पदवी. आमच्या बहिणींना तीही मिळाली नाही. विहीर मुलांची, मुलींचा तिच्याशी संबंध घागरीपुरता. पुढे नोकरीनिमित्त मुंबईत आल्यावर तरण तलाव, तिथे पस्तिशीत एका चौदा वर्षांच्या मुलाकडून फ्रीस्टाइलचा श्वास शिकणे, आणि चाळिशी ओलांडल्यावर, पहाटेच्या बॅचमधल्या तिघा-चौघांच्या नादाने, समुद्र. मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या स्पर्धेत आधी दोन आणि मग पाच किलोमीटर. एका वर्षी संक रॉक ते गेटवे. आणि शेवटी घारापुरी ते गेटवे, सुमारे चौदा किलोमीटर. धरमतर ते गेटवे हा छत्तीसेक किलोमीटरचा पल्ला आमच्या वाट्याला आला तो बोटीवर बसून, दुसऱ्याला पाणी पाजण्यापुरता. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ साली जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्यांची मालिका पूर्ण केली. तशा माणसांविषयी लिहिण्याचा अधिकार आमचा नाही. आम्ही मध्यमवयीन, मध्यम वेगाच्या माणसांविषयी लिहीत आहोत.

अशा माणसांना समुद्रावर पहिला प्रश्न विचारतो तो तांडेल. आमची बोट ज्यांची होती त्यांची तिसरी पिढी या बंदरात मासेमारीवर जगलेली. पहिल्याच सरावाच्या दिवशी त्यांनी आमच्याकडे नीट पाहून विचारले, "मास्तर, बोट हाय ना? मग पवायचं कशाला?" प्रश्नात टवाळी नव्हती. समुद्र हे त्यांचे कामाचे ठिकाण. तिथे पाण्यात पडणे म्हणजे अपघात. शेतकऱ्याच्या बांधावर येऊन कोणी हौसेने दिवसभर नांगराला जुंपून घेतले तर त्याला जे वाटेल तेच त्यांना वाटत असणार. आम्ही प्रकृतीचे कारण सांगितले. ते म्हणाले, त्याला तलाव आहे. आम्ही म्हणालो, पाहावे जमते का. ते म्हणाले, जमले तर काय देतात? काही देत नाहीत हे कळल्यावर त्यांनी विषय सोडला आणि पाण्याची वेळ सांगितली. ओहोटी धरली तरच गेटवे, चुकली तर पाणी उलटे ढकलणार. पैसे मात्र त्यांनी ठरल्याप्रमाणेच घेतले, आणि सगळ्या सरावात आमच्यावरून त्यांची नजर एकदाही हलली नाही.

जत्रेला जाणाऱ्यांचे आपल्याकडे तीन प्रकार सांगतात: हौशे, नवशे आणि गवशे. समुद्रात उतरणाऱ्यांनाही ही वर्गवारी चालते. एखाद्या कार्यासाठी देणग्या मिळवायला पोहणारे ते नवशे, विक्रमांच्या यादीत नाव शोधणारे ते गवशे. उरलेले हौशे. मराठीत 'हौशी' हा शब्द रंगभूमीमुळे थोडा दुय्यम ठरला आहे. व्यावसायिक नव्हे तो हौशी, म्हणजे तालमी कमी, नेपथ्य उसने. पोहण्यात मात्र उतरंड उलटी दिसते. खाडी प्रथम पोहून जाणारा कॅप्टन मॅथ्यू वेब व्यापारी जहाजांवरचा माणूस. २४ ऑगस्ट १८७५ रोजी तो डोव्हरहून निघाला आणि २१ तास ४५ मिनिटांनी फ्रान्सच्या किनाऱ्याला लागला, तोही ब्रेस्टस्ट्रोकने. सरळ रेषेत तेहतीस किलोमीटरचे अंतर भरती-ओहोटीच्या ओढीने जवळजवळ दुप्पट झाले. त्यानंतर लोकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि त्याची हौस संपली. पैशांसाठी शर्यती, टाकीत तासन्‌तास तरंगून दाखवणे, असे करत करत १८८३ साली तो नायगाराच्या धबधब्याखालच्या खळाळात उतरला आणि मेला. पस्तीस वर्षांचा होता. पहिल्या पोहण्याला कारण नव्हते, शेवटच्याला होते. आम्हांला वेबचे चरित्र आठवते ते या दोन पाण्यांमधल्या फरकासाठी.

वेबने जे केले त्याचेच पुढे नियम झाले, आणि ते नियम साहित्याच्या वाचकाला ओळखीचे वाटतील. खाडीचे पाणी भर उन्हाळ्यात पंधरा ते अठरा अंश असते. ऊब धरणारे वेटसूट आज कुठल्याही दुकानात मिळतात. तरीही खाडी 'पोहली' असे म्हणवून घ्यायचे तर एक साधा पोशाख, एक टोपी, एक गॉगल आणि अंगाला लावायची चरबी याहून अधिक काही चालत नाही. बोटीला हात लावायचा नाही, बोटीवरच्या माणसाने पोहणाऱ्याला हात लावायचा नाही. खाणेपिणे दोरीला बांधलेल्या बाटलीतून किंवा काठीच्या टोकावरच्या पेल्यातून, तेही पाण्यातल्या पाण्यात. यांतले काहीही सोयीचे नाही, आणि सोयीचे नाही हेच त्याचे समर्थन. मुक्तछंद हाताशी असताना कोणी शार्दूलविक्रीडितात लिहायला बसते, तेव्हा त्यालाही असेच विचारता येईल की बोट हाय ना. नियम मोडून पलीकडे जाणारा पलीकडे जातोच, पण त्याने वृत्त चालवले असे कोणी म्हणत नाही.

मात्र वृत्त मोडले की नाही हे कानाला कळते. समुद्रात कोणाला कळणार? इथे साक्षीदार लागतो, आणि आमच्या मते या पोहण्याचे सारे मर्म या साक्षीदारापाशी आहे. १९२७ सालचा प्रसंग सांगण्याजोगा आहे. त्या ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ ही टंकलेखिका खाडी पोहून जाणारी पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. चारच दिवसांनी डोरोथी लोगन नावाच्या डॉक्टरबाईंनी तिच्याहून थोडक्या वेळात खाडी पार केल्याचे जाहीर केले, आणि मग स्वतःच कबूल केले की बरेचसे अंतर आपण बोटीत बसून काटले. देखरेख किती ढिली आहे हे दाखवायचे होते. संशयाचा शिंतोडा ग्लाइट्झवरही उडाला. ती २१ ऑक्टोबरला पुन्हा थंडगार पाण्यात उतरली, या वेळी लोकांच्या देखत. पलीकडे पोहोचली नाही. दहाएक तासांनी तिला ओढून वर घ्यावे लागले. पण ते पाहणाऱ्यांना पहिल्या पोहण्याविषयी शंका उरली नाही. अयशस्वी पोहण्याने यशस्वी पोहण्याची साक्ष दिली, असे उदाहरण दुसऱ्या कुठल्या खेळात आम्हांला तरी सापडलेले नाही. त्याच वर्षी खाडीच्या पोहण्याची नोंद ठेवणारी संस्था निघाली, आणि तेव्हापासून प्रत्येक बोटीवर एक निरीक्षक वही घेऊन बसू लागला.

बोटीवाचून हे पोहणे नाही, हे आपल्याकडच्या इतिहासातही आहे. मिहिर सेन १९५८ साली खाडी पोहून जाणारे पहिले भारतीय ठरले. पुढच्या वर्षी आरती साहा गेल्या. त्यांच्या ऑगस्टमधल्या पहिल्या प्रयत्नात वाट दाखवणारी बोटच उशिरा आली, पाण्याची वेळ टळली आणि इंग्लंडचा किनारा काही मैलांवर असताना प्रवाहाने त्यांना रोखले. २९ सप्टेंबर १९५९ रोजी त्याच आरती साहा १६ तास २० मिनिटांत पार झाल्या. खाडी पोहणारी आशियातली पहिली स्त्री. दोन्ही वेळा हात त्यांचेच होते. वेळेवर आलेली बोट तेवढी दुसऱ्या वेळी होती.

साहित्याने मात्र पोहणाऱ्याला एकटे ठेवले आहे. लिअँडर रात्री एकटा पोहत प्रेयसीकडे जातो आणि बुडतो. बायरनने त्याचाच मार्ग धरून ३ मे १८१० रोजी, एक तास दहा मिनिटांत, हेलेस्पाँट ओलांडला आणि त्यावर लिहिलेल्या कवितेत स्वतःची थट्टा केली खरी, पण या पराक्रमाचा उल्लेख करायला तो पुढे कधी चुकला नाही. त्याच्याबरोबर एकनहेड नावाचा एक आरमारी अधिकारीही पोहत होता आणि तो बायरनहून पाच मिनिटे आधी पोहोचला, हे कितीजणांना आठवते? असो. काव्यात एकटेपणा शोभतो. प्रत्यक्षात एका माणसाने चार तास एकटे असावे यासाठी पाच माणसांना जागे राहावे लागते.

आमच्या वेळी वही घेऊन बसले ते आमच्या महाविद्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी. निवृत्त झालेले, छंदःशास्त्र शिकवणारे. पोहता येत नव्हते. पाण्याची भीतीच होती म्हणा ना. पण कागदावर ओळी आखून दर पंधरा मिनिटांनी हातांचा वेग मोजणे, काय प्यायला दिले ते लिहिणे, हे काम त्यांच्या स्वभावात बसणारे. सरावाच्या काळात आमचा आकडा सतत चुकतो, शंभरापुढे मोजदाद राहत नाही, अशी तक्रार आम्ही केली तेव्हा ते म्हणाले, "अहो, मोजता कशाला? म्हणा." मग त्यांनी हिशेब मांडून दिला. आम्ही दर तिसऱ्या हाताला श्वास घेतो, म्हणजे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. भुजंगप्रयात हे चार यगणांचे वृत्त, आणि यगण तीन अक्षरांचा. तेव्हा एका हाताला एक अक्षर धरले तर प्रत्येक गणाअखेर श्वास, एका चरणात बारा हात, एका श्लोकात अठ्ठेचाळीस. मनाचे श्लोक २०५. म्हणजे सगळे मिळून ९,८४० हात, मिनिटाला साठच्या वेगाने पावणेतीन तास. "घारापुरीला पुरणार नाहीत," ते म्हणाले, "शेवटी रामदासांनाही पुन्हा आरंभ करावा लागेल."

आम्हांला २०५ येत नव्हते. तीसेक येत होते. तेच फिरवत गेलो. पहिली काही आवर्तने अर्थासह चालतात. मग अर्थ गळतो. मग शब्दही गळतात आणि उरतो तो फक्त लघु-गुरु-गुरु. त्यातला लघु हा पाण्यात झटकन पडणारा हात आणि दोन गुरु म्हणजे लांब ओढलेले दोन, असे शरीर आपल्या आपण करू लागते, आणि मग खांदा दुखू लागतो, कारण असे असमान पोहणे चुकीचे! तलावावरच्या त्या मुलाने पाहिले असते तर कपाळाला हात लावला असता. वृत्तांच्या उगमाविषयी, पाठांतराविषयी, श्वास आणि चरण यांच्या नात्याविषयी वर्गात आम्ही पुष्कळ बोललो आहोत. श्वास नाही मिळाला तर चरण पुरा होत नाही, हे वाक्य वर्गात रूपक होते.

लोक याला ध्यान म्हणतात. अलीकडे तर सगळ्यालाच ध्यान म्हणण्याची पद्धत पडली आहे. आम्हांला ते पटत नाही. ध्यानात माणूस स्वतःकडे लक्ष देतो, निदान द्यावे असे सांगतात. इथे उलट घडते. गढूळ हिरव्या पाण्यात हातापलीकडचे दिसत नाही, कानांत टोपीखाली नुसती घरघर, जिभेवर मीठ आणि थोडे डिझेल. जवाहर द्वीपाला लागलेल्या तेलवाहू जहाजांचा वास पाण्याच्या पृष्ठभागावरच असतो. विचार सुचत नाहीत. सुचले तर ते दोन-तीनच, आणि तेही किरकोळ: घरचे गॅसचे बिल, एखाद्याचे आडनाव. वर्षभर ज्याच्याशी दिवसरात्र बोलत असतो तो आपल्यातला माणूस कधीतरी गप्प होतो. तो गप्प होऊ शकतो, कारण त्याच्यावर लक्ष ठेवायचे काम त्या वेळेपुरते दुसऱ्या कोणी पत्करलेले असते. आपण कुठे आहोत, किती वेळ झाला, ओठ निळे पडले का, हे सारे बोटीवर ठाऊक असते. आयुष्यात इतके पूर्णपणे दुसऱ्याच्या हवाली होण्याचे प्रसंग दोनच, पहिला नि शेवटला, आणि त्या दोन्ही वेळी आपण होऊन उतरलेले नसतो. आमच्या गटातल्या एक बाई, शाळेच्या मुख्याध्यापिका, पन्नाशीत पोहायला शिकलेल्या. त्यांना विचारले तर त्या सरळ म्हणतात की तीन तास मला कोणी 'मॅडम' म्हणून हाक मारू शकत नाही. त्यांचेही म्हणणे तेच आहे, आम्ही फक्त लांबवले.

या गप्प होण्याची एक किंमत असते. घडलेले आठवत नाही. घारापुरीहून आम्ही सकाळी ६.०५ ला निघालो आणि १०.२० ला गेटवेला लागलो, ही सव्वाचार तासांची गोष्ट आहे, आणि आमच्या स्मरणात त्यातली पंधरा मिनिटे असतील. एकदा पायाला काहीतरी मऊ लागले, बहुधा प्लॅस्टिकची पिशवी. एकदा गुळाचे पाणी नको तितके गोड लागले. एकदा मान वर करून पाहिले तर ताजचा घुमट दिसला आणि पुष्कळ वेळाने पाहिले तर तो तेवढाच. बाकीचे सगळे वहीत आहे. वहीत लिहिले आहे:

"७.४५ – वेग ५८. गुळाचे पाणी. बोलणे स्पष्ट. ८.३० – वेग ५६. 'किती राहिले' विचारतात. सांगितले नाही. ८.५५ – पुन्हा विचारले. ९.०० – तेच. ९.१० – मोठे जहाज आडवे. तांडेलांनी सात मिनिटे थांबवून ठेवले. रागावले, अपशब्द. ९.३० – वेग ५४. दुरून पाहता माणूस दिसत नाही, कोपर तेवढे वर येते, जाते. यती कुठे पडतो ते पाहत आहे."

ते अपशब्द कोणते, कोणाला, आम्हांला काही सांगता येणार नाही. आम्ही तिथे नव्हतो. दुसऱ्याचे चरित्र वाचावे तसे आम्ही ते वाचतो. पोहणाऱ्यांची आत्मकथने वाचताना पूर्वी आम्हांला नवल वाटे की या पुस्तकांत तयारी आहे, थंडी आहे, किनारा आहे, आणि मधले दहा तास दोन परिच्छेदांत संपतात. आता वाटत नाही. तिथे प्रथम पुरुष नसतोच. जी काही कथा आहे ती बोटीवरच्या तृतीय पुरुषी निवेदकाची, ज्याला पाण्यातले काही कळत नाही आणि वरचे सगळे दिसते.

सर त्यानंतर दोन वर्षांनी गेले. त्यांच्या मुलीने पुस्तके आवरताना ती वही आमच्याकडे पाठवली. सोबत चिठ्ठी होती की बाबांच्या हस्ताक्षरात तुमच्याविषयी काहीतरी दिसते. पाने उलटताना लक्षात आले की शेवटच्या दीड तासात त्यांचे अक्षर बिघडत गेले आहे. बोट फार हलत असावी. पाण्याला भिणारा, सत्तरीला आलेला तो माणूस सव्वाचार तास कठड्याला धरून, दर पंधरा मिनिटांनी घड्याळ आणि कोपर पाहत, बसून होता. त्याला काय वाटत होते याची नोंद वहीत नाही. ते लिहिण्याचा रकानाच नव्हता. जाण्यापूर्वी आम्ही त्यांना विचारायला हवे होते, असे कोणी म्हणेल. विचारले होते. "लाटा फार होत्या हो," एवढेच म्हणाले.

न संपलेल्या पोहण्याविषयीही लिहायला हवे, कारण हौशी माणसाच्या बाबतीत ते अपवाद नसते. वर ज्या धरमतरचा उल्लेख केला, त्या पल्ल्याला आमच्या बॅचमधले एक बँकेतले गृहस्थ उतरले होते. मध्यरात्री निघालो, खाडीतून बाहेर येईपर्यंत त्यांचा वेग उत्तम होता. सातव्या तासाला खांदा गेला. हात वर येईना. बोट जवळ घेतली तसे ते बोटीपासून हातभर अंतरावर, पाय मारत, नुसते तरंगत राहिले. कोणी काही बोलेना, कारण हात कोणी लावायचा हा प्रश्न होता. त्यांनी लावला तर त्यांनी सोडले. आम्ही लावला तर आम्ही काढले. पाच-सात मिनिटे असे गेले. अखेर तांडेलांनी वाकून, कोणाला न विचारता, त्यांचे मनगट धरले. वर आल्यावर चादरीत गुंडाळून चहा दिला. पुष्कळ वेळाने ते बोलले. आम्हांला वाटले खंत सांगतील. ते म्हणाले, "धरलं ना, तेव्हा इतकं बरं वाटलं." पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा उतरले.

गेटवेच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. पाण्यातून वर येणाऱ्याचे पाय इतक्या वेळानंतर जमीन विसरलेले असतात, त्यामुळे शेवटच्या चार पायऱ्या बहुतेक सगळे रांगतच चढतात. आम्हीही तसेच चढलो. वर रविवारची गर्दी होती. कबुतरे, फोटोवाले, लाँचच्या तिकिटासाठी रांग. रांगेतल्या एका कुटुंबाने आमच्याकडे, टोपीकडे, अंगावरच्या चरबीकडे पाहिले. त्यातल्या आजोबांनी काळजीने विचारले, "कुठून आलात?" आम्ही म्हणालो, घारापुरीहून. ते वळून मुलाला म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? लाँच बंद दिसतेय."